सिंगापूर पाहताना : युद्धस्मृती, भोजन आणि नगरदर्शन यांची सांगड

सिंगापूरच्या प्रवासाचा बेत आखणाऱ्या वाचकांकडून ठरावीक स्वरूपाच्या शंका वारंवार विचारल्या जातात. नेताजींनी आझाद हिंद सेनेची मानवंदना स्वीकारली ते मैदान कोणते आणि आज ते पाहता येते काय. मलायाच्या मोहिमेवर गेलेल्या आणि परत न आलेल्या आजोबांचे नाव कोठे शोधावे. घरातील शाकाहारी मंडळींच्या जेवणाची व्यवस्था कशी लागावी. आणि हे सारे करू गेल्यास मुलांना जी उद्याने व जो सागरतीर पाहावयाचा असतो, तो राहून तर जाणार नाही ना? या सर्व शंकांच्या मुळाशी असा एक समज असतो, की इतिहास, भोजन आणि प्रेक्षणीय स्थळे या तीन वेगवेगळ्या सहली असून त्यांपैकी एकीसाठी दुसरीवर पाणी सोडावे लागते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या इमारतीत जपानी सेनापतींनी शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या, तिच्यातच आज राष्ट्रीय कलासंग्रहालय भरलेले आहे. आणि ज्या फॅरर पार्कवर हिंदी युद्धकैद्यांना एकत्र करण्यात आले, तेथून काही मिनिटांच्या वाटेवर इडली-डोशाची उपाहारगृहे आहेत. म्हणून आपला कार्यक्रम विषयवार न आखता विभागवार आखावा, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

निर्णयापुरता इतिहास

स्थळांचा क्रम ठरविण्यासाठी पुढील तारखा ध्यानात असल्या की पुरे :

- ८ डिसेंबर १९४१ : मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर कोटा बारू येथे जपानी सैन्य उतरले, त्याच पहाटे सिंगापूरवर पहिले बॉम्ब पडले.
- ८ फेब्रुवारी १९४२ : रात्री जोहोरची सामुद्रधुनी ओलांडून जपानी सैन्याने बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर पाय ठेवला.
- १५ फेब्रुवारी १९४२ : बुकित तिमा येथील फोर्ड मोटारींच्या कारखान्यात जनरल पर्सिव्हल यांनी जनरल यामाशिता यांच्यापुढे शरणागती पत्करली.
- १७ फेब्रुवारी १९४२ : हजारो हिंदी युद्धकैद्यांना फॅरर पार्कच्या मैदानावर जमवून जपान्यांच्या हवाली करण्यात आले; आझाद हिंद सेनेच्या पहिल्या उभारणीचा आरंभ येथून धरतात.
- ४ व ५ जुलै १९४३ : कॅथे इमारतीत रास बिहारी बोस यांनी हिंदी स्वातंत्र्यसंघाचे नेतृत्व सुभाषबाबूंच्या हाती दिले आणि दुसऱ्या दिवशी पडांगवर सेनेचे संचलन झाले.
- २१ ऑक्टोबर १९४३ : त्याच कॅथे इमारतीत आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. या सरकारात सेनेचे एक प्रतिनिधी म्हणून सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले होते. स्वातंत्र्यानंतर ते केंद्र शासनात उपमंत्री झाले.
- १२ सप्टेंबर १९४५ : नगरपालिकेच्या इमारतीत लॉर्ड माउंटबॅटन यांच्यासमोर जपान्यांनी शरणागती दिली.

या इतिहासाला एकाहून अधिक पदर आहेत, हे आपण जाण्यापूर्वीच मनाशी स्पष्ट केलेले बरे. आपल्या दृष्टीने त्या वर्षांचे केंद्र आझाद हिंद सेना असते. परंतु सिंगापूरमधील चिनी कुटुंबांच्या स्मृतीत तीच वर्षे ‘सूक चिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हत्याकांडाची आहेत. शरणागतीनंतरच्या काही आठवड्यांत जपानविरोधी असल्याच्या संशयावरून चिनी पुरुषांना चौकशीच्या ठाण्यांवर हजर करून, निवडून, समुद्रकिनारी नेऊन ठार मारण्यात आले. मृतांची संख्या जपानी बाजू काही हजार धरते, तर चिनी समाज ती ५० हजारांपर्यंत नेतो. तिसरा पदर आहे तो ब्रिटिश हिंदी सैन्यातच लढता लढता पडलेल्या जवानांचा. या तिन्ही स्मृतींची स्थळे निराळी आहेत. त्यांपैकी एकच पाहून परतलो तर शहराची अर्धीच ओळख झाली असे समजावे.

विभागवार क्रम

१. पडांग आणि एस्प्लनेड. सिटी हॉल स्थानकावर उतरावे. पडांग म्हणजे शहराच्या मध्यभागीचे हिरवे मैदान. सुभाषबाबूंच्या मानवंदनेचे स्थळ ते हेच. मैदानासमोरील जुनी नगरपालिका आणि तिच्या शेजारचे सर्वोच्च न्यायालय मिळून आजचे राष्ट्रीय कलासंग्रहालय झाले असून, १९४५ च्या शरणागतीचे दालन त्यातच आहे. समुद्राच्या अंगाला एस्प्लनेड उद्यानात आझाद हिंद सेनेची स्मरणखूण आहे. मूळ स्मारकाची कोनशिला नेताजींनी जुलै १९४५ मध्ये बसविली होती. ब्रिटिश परतताच त्यांनी ते जमीनदोस्त केले आणि त्या जागी १९९५ साली सिंगापूर शासनाने सध्याची खूण उभारली. ती भव्य नाही, म्हणून पुष्कळ प्रवासी तिच्यावरून चालत पुढे निघून जातात. आपण मुद्दाम शोधावी. त्याच उद्यानात पहिल्या महायुद्धाचा स्मृतिस्तंभ आणि जपानी कैदेत मृत्यू पावलेले प्रतिकारवीर लिम बो सेंग यांचे स्मारक आहे. जवळच बीच रोडवर नागरी बळींचे स्मारक आहे. त्याचे चार उत्तुंग स्तंभ चिनी, मलय, हिंदी आणि युरेशियन या चार समाजांचे प्रतीक मानले जातात. सायंकाळी येथूनच मरीना बेचा किनारा, सिंहमत्स्याची मूर्ती आणि बागांची रोषणाई पायी गाठता येते.

२. फोर्ट कॅनिंग आणि कॅथे. टेकडीच्या पोटात ब्रिटिशांचे भूमिगत युद्धकार्यालय होते, ते आज ‘बॅटलबॉक्स’ या नावाने पाहावयास मिळते. १५ फेब्रुवारीच्या सकाळी पाणी, इंधन आणि दारूगोळा यांचा ताळेबंद मांडून शरण जाण्याचा निर्णय येथे घेतला गेला. संख्येने कमी असलेल्या शत्रूपुढे एवढे मोठे सैन्य का नमले, या प्रश्नाचे उत्तर त्या अरुंद खोल्यांत उभे राहिल्यावर अधिक नीट उमगते. कॅथे इमारतीचा जुना दर्शनी भाग धोबी घाट स्थानकाजवळ जतन केलेला आहे.

३. लिटल इंडिया, फॅरर पार्क आणि वॉटर्लू मार्ग. फॅरर पार्कच्या परिसराचे रूप पालटत असल्याने तेथे विस्तीर्ण ऐतिहासिक मैदानाची अपेक्षा ठेवू नये. मात्र जवळच्या इंडियन हेरिटेज सेंटरमध्ये या भागातील हिंदी वस्तीचा इतिहास सविस्तर मांडलेला आहे, आणि नॉरिस रोडवरील रामकृष्ण मिशनच्या आश्रमात नेताजी ध्यानासाठी येत असत. राणी झाशी पलटणीच्या शिबिराचा आरंभ वॉटर्लू मार्गावर झाला. त्या मार्गावर आज कृष्णमंदिर आणि क्वान यिम देवीचे चिनी मंदिर शेजारीशेजारी असून, दोन्हींपुढे हात जोडणारे तेच ते भाविक दिसतात.

४. बुकित तिमा आणि क्रांजी. हा दिवस शक्यतो स्वतंत्र ठेवावा. शरणागतीचा फोर्ड कारखाना आता राष्ट्रीय अभिलेखागाराच्या व्यवस्थेखाली संग्रहालय म्हणून उघडलेला आहे. तेथे आधी जाऊन कालक्रम समजून घ्यावा आणि मग उत्तरेकडील क्रांजी युद्धस्मारक गाठावे. उन्हाचा ताप टाळावयाचा असल्यास क्रम उलटा करून सकाळी लवकर क्रांजीस जाणे श्रेयस्कर.

५. पासिर पांजांग आणि सेंटोसा. बुकित चांदू येथील वस्तुसंग्रहालय मलय पलटणीच्या आणि लेफ्टनंट अदनान सैदी यांच्या शेवटच्या झुंजीचे स्मरण करून देते. सेंटोसा बेटावर मुले खेळांत रमली असता वडीलधाऱ्यांना सिलोसो किल्ल्याच्या तोफा आणि भुयारे पाहता येतात. सहकुटुंब प्रवासात सर्वांचे समाधान करणारा विभाग हाच.

६. चांगी. येथील लहान प्रार्थनामंदिर आणि संग्रहालय युद्धकैद्यांच्या जीवनाचे आहे. यांपैकी कित्येक कैद्यांना पुढे सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर धाडण्यात आले. विमानतळ याच बाजूला असल्याने परतीच्या दिवशी, विमान रात्रीचे असल्यास, हा भाग उरकता येतो.

१८५९ साली स्थापन झालेले वनस्पतिउद्यान कोणत्याही दिवसाच्या सकाळी जोडावे. जपानी अमलातही तेथील शास्त्रज्ञांचे काम बंद पडले नाही, आणि तेथील काही पायऱ्यांच्या विटा ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांनी घडविलेल्या आहेत.

क्रांजी येथे नाव शोधताना

क्रांजीच्या भिंतींवर ज्यांची कबर अथवा दहनस्थान ज्ञात नाही अशा २४ हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत हिंदी सैनिकांचा भरणा फार मोठा आहे. भिंती पाहत आयत्या वेळी नाव सापडेल या भरवशावर जाऊ नये. पुढील क्रम पाळावा :

- घरातील जुनी पत्रे, पदके, निवृत्तिवेतनाचे कागद किंवा जिल्हा सैनिक कार्यालयातील दाखले यांवरून पलटण आणि सैनिक-क्रमांक मिळवावा. केवळ नावावर विसंबू नये. एकाच नावाचे अनेक जवान असतात.
- राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील नावनिशीत शोध घ्यावा. तेथे भिंतीचा स्तंभ-क्रमांक मिळतो; तो लिहून सोबत न्यावा.
- नावाचे वर्णलेखन त्या काळच्या लेखनिकाच्या कानावर अवलंबून होते. आडनाव गळालेले, वडिलांचे नाव पुढे आलेले किंवा गावाचे नाव विपर्यस्त झालेले असू शकते. म्हणून तीनचार प्रकारांनी शोधावे.
- ज्या हिंदू व शीख जवानांचे दहन झाले, त्यांपैकी सुमारे ८०० जणांची नावे स्वतंत्र दहनस्मारकावर आहेत. मुख्य भिंतीवर नाव न मिळाल्यास तेथे पाहावे.
- आझाद हिंद सेनेत गेलेल्या व्यक्तीचा शोध असल्यास क्रांजीवर अवलंबून न राहता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अर्ज करावा. त्या सेनेची कागदपत्रे तेथील दप्तरी आहेत.

क्रांजी येथे फुले वाहण्यास अडचण नाही. मात्र कबरींवर बसणे, मोठ्याने बोलणे किंवा गमतीची छायाचित्रे काढणे कटाक्षाने टाळावे. अन्य कुटुंबे तेथे आपल्या माणसांसाठी आलेली असतात.

भोजन : काय खावे, काय विचारून खावे

सिंगापूरचे खरे भोजन भपकेदार हॉटेलांत नसून हॉकर सेंटरांत आहे. एका छपराखाली अनेक ठेले, मधे सामाईक मेजे, आणि प्रत्येक ठेल्यावर बहुधा एकाच पदार्थात आयुष्य घालविलेला स्वयंपाकी, अशी ही व्यवस्था युनेस्कोने २०२० साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या सूचीत घेतली. मॅक्सवेल, लाऊ पा सात, टेक्का आणि ओल्ड एअरपोर्ट रोड ही त्यांपैकी ठळक नावे. मेजावर ठेवलेला कागदी रुमालांचा पुडा म्हणजे ती जागा राखलेली आहे असे समजावे, आणि जेवण झाल्यावर आपले ताट स्वतः नेऊन ठेवावे. ते न ठेवणे आता दंडनीय आहे.

मांसाहारी वाचकांसाठी : हैनानी पद्धतीचा कोंबडी-भात, नारळाच्या दुधातील लाक्सा, आणि माशाच्या डोक्याची कढी हे तीन पदार्थ अवश्य घ्यावेत. कोकणच्या वाचकांस या कढीतील आंबटपणा ओळखीचा वाटेल.

शाकाहारी वाचकांसाठी पुढील सावधगिरी आवश्यक आहे :

- ‘हलाल’ची पाटी म्हणजे शाकाहार नव्हे; तिचा अर्थ केवळ मुसलमानी विधीप्रमाणे ग्राह्य, इतकाच.
- भाज्यांच्या पदार्थांतही बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी, माशाचा अर्क, कालवांचा रस किंवा डुकराची चरबी असू शकते. ‘मांस आहे काय’ असे न विचारता या प्रत्येक जिनसाचे नाव घेऊन विचारावे.
- ‘कॅरट केक’ या नावाच्या पदार्थात गाजर नसते. तो मुळा व तांदळाच्या पिठाचा असून त्यात अंडे असते आणि चरबीही असू शकते. पावाला लावावयाचा ‘काया’ हा नारळ, साखर आणि अंडे यांचा असतो.
- चिनी शाकाहारी ठेल्यांवर ‘素’ हे अक्षर असते. हे भोजन बौद्ध परंपरेचे असल्याने त्यात बहुधा कांदा-लसूणही वर्ज्य असतो. जैन वाचकांस याचा उपयोग होईल, परंतु कंदमुळे व अंडी यांची चौकशी वेगळी करावी. वॉटर्लू मार्गाजवळील फॉर्च्यून सेंटरमध्ये असे अनेक ठेले एकत्र मिळतात.
- लिटल इंडियात सेरंगून रोडवर १९४७ पासून चालत आलेले कोमला विलास आणि त्याहून जुने आनंद भवन ही दाक्षिणात्य शाकाहारी उपाहारगृहे भरवशाची आहेत.

मधुमेही वाचकांनी पेयांची परिभाषा पाठ करावी. नुसती ‘कोपी’ किंवा ‘तेह’ मागितल्यास आटवलेल्या गोड दुधासह मिळते. ‘ओ’ म्हणजे दुधाविना, आणि ‘ओ कोसोंग’ म्हणजे दूध व साखर दोन्हींविना.

भोजन आणि युद्ध यांचा संबंध पाहावयाचा असल्यास टॅपिओकाच्या कंदाची मलय मिठाई मागून पाहावी. जपानी अमलात तांदूळ शिधावाटपाच्या बंधनात अडकला, जपानी नोटांचे, ज्यांना केळीच्या चित्रावरून लोक ‘केळ्याचा पैसा’ म्हणत, मोल उतरत गेले, आणि नागरिकांनी अंगणात रताळी व टॅपिओका लावून दिवस काढले. आपण ज्याचा साबुदाणा करतो तोच हा कंद. फोर्ड कारखान्यातील त्या काळच्या टंचाईचे दर्शन घेऊन आल्यावर त्याची चव निराळी लागते, असा अनुभव आपणांसही येईल.

प्रवेशाचे कागद आणि जकात

- भारतीय पारपत्रधारकांस आगाऊ व्हिसा आवश्यक आहे. तो अधिकृत दलालांमार्फत किंवा सिंगापूरमधील स्थानिक संपर्कव्यक्तीमार्फत काढता येतो. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.
- व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या भिन्न गोष्टी आहेत. प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवितात आणि ते आपणांस ई-पत्राने कळते. ते पत्र उघडून तारीख पाहणे हे पहिले काम.
- आगमनपत्र पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत संगणकावर भरावयाचे असते आणि ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे शासकीय नव्हेत.
- च्युइंगम व ई-सिगारेट नेण्यास बंदी आहे, आणि साध्या सिगारेटींनाही जकातमाफी नाही. अमली पदार्थांविषयीचे कायदे देहान्तापर्यंत जातात. कोणाचेही पुडके आपल्या सामानात घेऊ नये. खसखशीत मॉर्फीनचे अंश असू शकतात, म्हणून ती, आणि तिने मढविलेले अनारसेही, घरीच ठेवावे.
- नियमित औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक औषधे असल्यास पूर्वपरवानगी लागते काय, ते तेथील आरोग्यखात्याकडून आधी समजून घ्यावे.

बिले, खरेदी आणि आपले हक्क

- उपाहारगृहाच्या दरपत्रकात किमतीपुढे ‘++’ अशी दोन अधिक चिन्हे असल्यास त्यावर सेवाशुल्क, सामान्यतः १० टक्के, आणि ९ टक्के वस्तू-सेवाकर चढतो. हॉकर सेंटरांत हा आकार वर लागत नाही. बक्षिशीची प्रथा नाही.
- पर्यटकांस करपरतीचा हक्क आहे. योजनेत सामील असलेल्या दुकानातून १०० सिंगापूर डॉलरांहून कमी नसलेली खरेदी असावी लागते. पावती पारपत्राशी जोडून घ्यावी, आणि तपासनीस माल पाहू मागू शकतात म्हणून सामान विमानात चढविण्यापूर्वी दावा करावा.
- सदोष वस्तू मिळाल्यास, ताबा घेतल्यापासून सहा महिन्यांत उघड झालेला दोष मुळातच होता असे कायदा धरून चालतो, आणि दुरुस्ती किंवा बदली मागण्याचा आपणांस अधिकार असतो. केवळ मन पालटले म्हणून माल परत घेण्याचे बंधन मात्र दुकानदारावर नाही.
- फसवणूक झाल्यास प्रथम लेखी तक्रार द्यावी आणि पावती हातची सोडू नये. २० हजार डॉलरांपर्यंतच्या दाव्यांसाठी लघुदावा न्यायाधिकरण आहे. तेथे वकील लागत नाही आणि पर्यटकही दाद मागू शकतात.
- पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ९९५.

नेहमी होणाऱ्या चुका

- सोमवारी फोर्ड कारखाना, बुकित चांदू व चांगी येथील संग्रहालये सहसा बंद असतात. सोमवार बागांसाठी व सेंटोसासाठी ठेवावा.
- आगगाडीत खाणे व पाणी पिणेदेखील दंडनीय आहे; बाटली स्थानकाबाहेर उघडावी. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.
- दुपारी दोन ते चार या उन्हाच्या वेळेत उघड्यावरील स्मारके ठेवू नयेत. नोव्हेंबर ते जानेवारी पावसाचा जोर अधिक.
- युद्धाविषयी स्थानिकांशी बोलताना जपानी राजवटीचा उल्लेख केवळ नेताजींचे साहाय्यकर्ते म्हणून करू नये. ज्याच्याशी आपण बोलत आहोत त्याचे आजोबा सूक चिंगमध्ये नेले गेलेले असू शकतात.

दिवस थोडे असल्यास

चार पूर्ण दिवस हाती असले तर वरील सहाही विभाग सावकाश होतात. दोनच दिवस असल्यास पहिला दिवस पडांग, बीच रोड आणि लिटल इंडियाला द्यावा, दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांजी व फोर्ड कारखाना उरकून सायंकाळ मरीना बेवर घालवावी, आणि सेंटोसा निःसंकोच वगळावे, कारण मनोरंजनाची बेटे अन्यत्रही आहेत. एकच दिवस असेल आणि घराण्यातील कोणी त्या मोहिमेत कामी आलेले असेल, तर इतर सर्व सोडून क्रांजीस जावे. त्या भिंतीवरील हिंदी नावांपैकी पुष्कळांना भेटावयास त्यांच्या गावातून आजवर कोणीच गेलेले नसेल, आणि ती उणीव भरून काढणे आपल्या हाती आहे.